झॅम्प: पोर्ट ८० अडलं तरी मी हेच का सुचवते

झॅम्पबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं आणि गेल्या शनिवारी रात्री साडेनऊला विट्याहून भाचीचा फोन आला तेव्हा म्हटलं आता लिहूनच टाकूया. बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे ती, सोमवारी प्रोजेक्टची तोंडी परीक्षा, एक्स्टर्नल येणार, आणि रडवेल्या आवाजात म्हणते, "आत्या, अपाचे सुरूच होईना गं, दुपारपासनं बसलेय, दोनदा अनइन्स्टॉल करून परत टाकलं."

मी वेबसाइटचीच कामं करते, झॅम्प गेली पंधरा वर्षं रोज नाही तरी आठवड्यातून दोनतीनदा उघडतेच, आणि शिकणाऱ्या प्रत्येकाला मी अजूनही हेच टाकायला सांगते. आधी थोडक्यात ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. झॅम्प (इंग्रजीत एक्सएएमपीपी असं लिहितात) म्हणजे आपल्या कॉम्प्युटरवरच एक छोटा वेब सर्व्हर, म्हणजे ब्राउझरला पानं देणारा प्रोग्राम, उभा करायचं फुकट पॅकेज. नावातला एक्स म्हणजे विंडोज, लिनक्स, मॅक कुठेही चालणारं, मग अपाचे हा वेब सर्व्हर, मारियाडीबी हा डेटाबेस आणि दोन पी म्हणजे पीएचपी आणि पर्ल या भाषा. अपाचे फ्रेंड्स नावाच्या मंडळींनी २००२ पासून चालवलेला प्रोजेक्ट आहे हा, आधी यात मायएसक्यूएल हा डेटाबेस यायचा, २०१५ पासून मारियाडीबी येतं, पण पॅनेलवर, म्हणजे ज्या खिडकीतून हे सगळं चालू-बंद करतो तिथे, अजूनही मायएसक्यूएल असंच लिहिलेलं असतं त्यामुळे गोंधळू नका. हे चारही वेगवेगळे टाकून एकमेकांना जोडायचे म्हणजे नवख्याचे दोन दिवस जातात, इथे एक इन्स्टॉलर चालवला की दहा मिनिटांत एचटीडॉक्स फोल्डरमध्ये फाइल टाकायची आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, म्हणजे आपलाच कॉम्प्युटर, असं लिहायचं, झालं.

पाचपैकी चार स्टार देते. एक स्टार का कापला ते खाली येईलच.

तर भाचीची गोष्ट. तिच्या स्वतःच्या लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली होती म्हणून दादाने मेडिकलमधला लॅपटॉप तिला दिला. दुकान खाली, घर वर, लॅपटॉप वर घरातच असतो आणि खाली काउंटरवर एक जुना पीसी आहे. तिने पेन ड्राइव्हमधून प्रोजेक्ट घेतला, झॅम्प नवीन टाकलं आणि स्टार्ट दाबलं की दोन सेकंद अपाचे पिवळं व्हायचं आणि परत पांढरं. खाली लाल अक्षरात ओळ, "एरर: अपाचे शटडाउन अनएक्स्पेक्टेडली". तिने मला पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये तेवढीच ओळ होती. शंभरातले नव्वद जण हीच ओळ पाठवतात कारण ती खाली असते आणि लाल असते, पण त्या ओळीत काहीच कळत नाही, ती फक्त सांगते की बंद पडलं, पोर्ट अडलं असेल, परवानगी नसेल, फाइल नसेल, काहीही असेल. मी म्हटलं, "बाळा, वर स्क्रोल कर, पॅनेल उघडल्या उघडल्या पहिल्या दहा ओळींत काय म्हणतंय ते वाच."

आणि तिथे लिहिलेलं होतं. प्रॉब्लेम डिटेक्टेड, पोर्ट ८० इन यूज बाय, मग एका फोल्डरचा अख्खा पत्ता, शेवटी एचटीटीपीडी डॉट ईएक्सई, विथ पीआयडी ३४१२. पीआयडी म्हणजे चालू प्रोग्रामचा नंबर.

ही एक ओळ म्हणजे झॅम्पच्या कंट्रोल पॅनेलची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे असं मी मनापासून मानते. दुसरी कितीतरी टूल्स फक्त सुरू होत नाहीत आणि गप्प बसतात. हे पॅनेल स्टार्ट दाबायच्या आधीच तपासतं की आपल्याला लागणारे दरवाजे मोकळे आहेत का, आणि नसतील तर कोण बसलंय, कुठल्या फोल्डरमधून आलंय, त्याचा प्रोसेस नंबर काय, सगळं सांगतं.

पोर्ट म्हणजे काय हे मी भाचीला दुकानावरूनच सांगितलं. कॉम्प्युटरचा आयपी पत्ता म्हणजे इमारत, पोर्ट म्हणजे गाळा नंबर, असे ६५,५३५ गाळे असतात आणि त्यातले १०२३ पर्यंतचे ठरलेल्या कामांना दिलेले, वेबसाठी ८०, कुलूपवाल्या वेबसाठी ४४३. एका गाळ्यात एका वेळी एकच दुकान. अपाचे सुरू होताना विंडोजला म्हणतो मला ८० द्या, विंडोज म्हणतं तिथे आधीच कुणीतरी आहे, आणि अपाचे मागे फिरतो. त्याचा एरर नंबर १००४८, तो दिसला की समजायचं गाळा भरलेला आहे. १००१३ दिसला तर गोष्ट वेगळी, तिथे परवानगी नाकारलेली असते, कधीकधी तर तो पोर्ट कुणी वापरतही नसतं पण विंडोजने स्वतः राखून ठेवलेला असतो, हायपर-व्ही किंवा डॉकर, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत वेगळे कप्पे करून प्रोग्राम चालवणारी टूल्स, टाकलेल्या मशीनवर असं होतं.

आता गंमत बघा, पीआयडीसमोर नाव होतं एचटीटीपीडी. हे तर अपाचेचंच नाव. भाचीला वाटलं आपलंच अपाचे कुठेतरी अर्धवट चालू राहिलंय म्हणून तिने दुपारी टास्क मॅनेजर उघडून ते एंड टास्क केलं होतं. एकदा नाही, पाचसहा वेळा. दरवेळी ते परत यायचं, नवीन नंबर घेऊन. आणि दरवेळी खालून दादाचा आवाज, "अगं काय करतीयस वर, बिल निघंना!" हे तिने मला सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मेडिकलचं बिलिंग सॉफ्टवेअर. कुठलं ते लिहित नाही, त्यांची चूकही म्हणता येणार नाही. काउंटरवरच्या पीसीवर बिल ब्राउझरमध्येच उघडतं, लॅपटॉपचा आयपी टाकला की झालं, म्हणजे लॅपटॉपवर त्यांचं स्वतःचं अपाचे आहे, विंडोज सुरू होताना सर्व्हिस म्हणून, म्हणजे पडद्यामागे आपोआप सुरू होणारं. विंडोजवर अपाचे सर्व्हिस म्हणून चालताना दोन एचटीटीपीडी दिसतात, एक आई आणि एक पोर. पोर काम करतं, आई लक्ष ठेवते. पोराला मारलं की आई लगेच दुसरं उभं करते. म्हणून ते परत परत येत होतं, आणि मधल्या दोन सेकंदात काउंटरवर उभा असलेला पेशंट वाट बघत होता.

मी तिला सांगितलं, टास्क मॅनेजरमध्ये त्या नावावर राइट क्लिक कर आणि ओपन फाइल लोकेशन म्हण. उघडलं तर झॅम्पचं फोल्डर नव्हतंच, बिलिंगवाल्यांचं होतं. झॅम्पच्या पॅनेलने तोच पत्ता त्या पहिल्या ओळीत दिलेला होता, फक्त वाचला नव्हता कुणी.

इथे दोन रस्ते असतात आणि माणसं नेहमी चुकीचा पकडतात. पहिला रस्ता, जो बसलाय त्याला उठवायचं. दुसरा, आपण दुसऱ्या गाळ्यात जायचं. तिच्या मैत्रिणीने सांगितलं होतं की सर्व्हिसेसमध्ये जाऊन ते बंदच करून टाक, डिसेबल. केलं असतं तर रविवारी सकाळी दुकान उघडल्यावर दादाला एकही बिल काढता आलं नसतं आणि कारण कुणालाच कळलं नसतं. म्हणून माझा नियम असा आहे की ज्याच्यावर दुसऱ्याचं काम अवलंबून आहे त्याला हलवायचं नाही, आपली प्रॅक्टिसची गोष्ट आहे, आपण सरकायचं.

मग व्हिडिओ कॉलवर बदल केले. पॅनेलमध्ये अपाचेच्या ओळीत कॉन्फिग बटण, त्यातली पहिली फाइल, एचटीटीपीडी डॉट कॉन्फ. त्यात लिसन शब्द शोधायचा. इथे एक नेहमीची चूक सांगते, वरती हॅश लावलेल्या ओळींतही लिसन लिहिलेलं असतं, त्या नुसत्या टिपा आहेत, तिथे बदलून काही होत नाही. हॅश नसलेली लिसन ८० ही ओळ पकडायची आणि ८०८० करायची. थोडं खाली सर्व्हरनेम लोकलहोस्ट ८० आहे तिथेही ८०८०. सेव्ह. ८०८० वरही कुणी असेल तर, म्हणजे टॉमकॅट किंवा जेंकिन्स हे दुसरे सर्व्हर प्रोग्राम टाकलेले असतील तर ते दोघंही मुळात ८०८० च मागतात, मग ८०८१ घ्या, काही अडत नाही. ४४३ पण अडलेला असेल तर त्याची फाइल वेगळी, एचटीटीपीडी-एसएसएल डॉट कॉन्फ, तिथे लिसन आणि व्हर्च्युअल होस्ट दोन्ही ठिकाणचा आकडा बदलायचा, बहुतेक जण ४४३३ करतात. आमच्या केसमध्ये ४४३ मोकळा होता.

आता तो कापलेला स्टार. पॅनेलच्या उजव्या कोपऱ्यात वर अजून एक कॉन्फिग बटण आहे, त्यात सर्व्हिस अँड पोर्ट सेटिंग्ज, तिथे अपाचेचा मेन पोर्ट ८० असा चौकोन आहे. कुणालाही वाटेल इथे ८०८० लिहिलं की काम झालं. पण नाही. तो चौकोन फक्त पॅनेलला सांगतो की कुठला पोर्ट तपासायचा आणि ॲडमिन बटण दाबल्यावर कुठला पत्ता उघडायचा, अपाचेच्या फाइलला तो हातही लावत नाही. दोन्हीकडे बदलावं लागतं. फाइल बदलली आणि चौकोन राहिला तर अपाचे व्यवस्थित चालतं पण पॅनेल उगाच ८० अडलाय म्हणून लाल ओळी दाखवत राहतं, आणि उलटं केलं तर पॅनेल खूश आणि अपाचे बंद. जे पॅनेल इतकं छान निदान करतं त्यानेच शेजारी एक ओळ लिहायला हवी होती की फाइलपण बदला. शिकणारी मुलं इथेच तासन्‌तास अडकतात.

स्टार्ट दाबलं, हिरवं झालं, लोकलहोस्ट कोलन ८०८० वर झॅम्पचं नारिंगी पान आलं आणि पलीकडून भाचीचा सुस्कारा मला स्पष्ट ऐकू आला.

पण काम संपलं नव्हतं. प्रोजेक्ट उघडला, लॉगिनचं पान दिसलं, युजरनेम पासवर्ड टाकला आणि आलं "नॉट फाउंड". ती परत घाबरली. मी म्हटलं कॅमेरा पानाच्या मथळ्यावर धर. झॅम्पचं स्वतःचं हरवलेल्या पानाचं पान असतं, त्यावर "ऑब्जेक्ट नॉट फाउंड" असं असतं. इथे नुसतं "नॉट फाउंड" होतं. म्हणजे हे उत्तर झॅम्पने दिलेलंच नाही, फॉर्म थेट दुकानाच्या बिलिंगच्या अपाचेकडे जाऊन पोचला होता! वर पत्त्यात बघितलं तर ८०८० गायब. तिने फॉर्मच्या ॲक्शनमध्ये, म्हणजे भरलेला फॉर्म कुठे पाठवायचा तिथे, लोकलहोस्ट असा अख्खा पत्ता हाताने लिहिला होता, आणि पत्त्यात पोर्ट लिहिला नाही की ब्राउझर ८० च धरतो. तीन फाइल्समध्ये असं होतं, शिवाय एका कॉन्फिग फाइलमध्ये बेस यूआरएल, म्हणजे साइटचा मूळ पत्ता. ते बदललं आणि पावणेअकरा वाजता तिचा लायब्ररी मॅनेजमेंटचा प्रोजेक्ट सुरू झाला, पुस्तकांची यादी, इश्यू, रिटर्न, सगळं. हीच गोष्ट वर्डप्रेसला पण होते, तिथे साइटचा पत्ता डेटाबेसमध्ये लिहिलेला असतो त्यामुळे पोर्ट बदलला की पान उघडायला जाल तर ते परत जुन्या पत्त्यावर ढकलतं, डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमध्ये होम आणि साइटयूआरएलच्या दोन ओळी घातल्या की सुटतं.

पॅनेलवर नेटस्टॅट नावाचं बटण आहे उजवीकडे, ते कुणी दाबत नाही, दाबा. कुठल्या पोर्टवर कोण बसलंय याची सगळी यादी येते, नावासकट. झॅम्प नसेल तरी विंडोजच्या काळ्या खिडकीत नेटस्टॅट लिहून पुढे डॅश ए, एन, ओ ही अक्षरं दिली की नावं सोडून तेच मिळतं, शेवटचा आकडा पीआयडी. आणि काहीच कळत नसेल तर झॅम्पच्या फोल्डरमध्ये अपाचे स्टार्ट नावाची बॅच फाइल आहे ती काळ्या खिडकीतून चालवा, पॅनेल जे सांगत नाही ते अपाचे स्वतः तिथे बोलतो. बऱ्याचदा पोर्टचा प्रश्नच नसतो, कॉन्फ फाइलमध्ये एखादा कंस उडालेला असतो, ते तिथे ओळ नंबरासकट दिसतं.

एक अवघड प्रकार राहिला, पीआयडी ४. पॅनेल म्हणतं "अनएबल टू ओपन प्रोसेस, पीआयडी ४" आणि टास्क मॅनेजरमध्ये ४ म्हणजे सिस्टिम, खुद्द विंडोज. त्याला मारता येत नाही. हे असं का तर विंडोजच्या गाभ्यातच एचटीटीपी डॉट सिस नावाचा ड्रायव्हर आहे, आयआयएस हा विंडोजचाच वेब सर्व्हर किंवा एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसची रिपोर्टिंग सर्व्हिस असले प्रोग्राम स्वतः पोर्ट न धरता या ड्रायव्हरला धरायला सांगतात, म्हणून नाव त्यांचं न दिसता सिस्टिमचं दिसतं. बहुतेक वेळा वर्ल्ड वाइड वेब पब्लिशिंग सर्व्हिस चालू असते, सर्व्हिसेसमध्ये जाऊन ती थांबवली की ८० मोकळा होतो, घरच्या मशीनवर तिचा कुणाला उपयोग नसेल तर खुशाल थांबवा. पण पुष्कळ व्हिडिओत सांगतात की एचटीटीपी सर्व्हिसच बंद करा, नेट स्टॉप एचटीटीपी. ते करू नका. ती कमांड दिली की विंडोज विचारतं की हिच्यावर अवलंबून असलेल्या ह्या ह्या सर्व्हिस पण बंद होतील, चालेल का, आणि त्या यादीत प्रिंट स्पूलर असतो. घाईत वाय दाबला की प्रिंट निघायचं बंद. सबमिशनच्या आदल्या रात्री प्रोजेक्ट रिपोर्टची प्रिंट न निघणं म्हणजे काय ते शेवटच्या वर्षातल्या मुलांना विचारा.

मायएसक्यूएल सुरू होत नसेल तर तिथे ३३०६ बघा, आधी कधी मायएसक्यूएल वेगळं टाकलेलं असलं की त्याची सर्व्हिस तो पोर्ट धरून बसते. पोर्ट मोकळा असूनही सुरू होत नसेल तर मात्र प्रश्न डेटाचा असतो आणि इथे हात जोडून सांगते, कुणीतरी म्हणेल डेटा फोल्डरमधली आयबीडेटा१ फाइल उडवा, चालू होईल. चालू होईल हो, पण तुमच्या टेबलांची माहिती त्याच फाइलमध्ये असते, पीएचपीमायॲडमिनमध्ये, म्हणजे डेटाबेस बघायच्या पानावर, नावं दिसतात आणि उघडली की टेबल अस्तित्वातच नाही म्हणतं. काहीही करण्याआधी तो अख्खा डेटा फोल्डर कॉपी करून दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा. भाचीकडून मी हे त्याच रात्री करून घेतलं, आणि डेटाबेस एक्सपोर्ट करून एसक्यूएल फाइल स्वतःला मेल करायला लावली.

बाकी झॅम्प कुणासाठी नाही तेही सांगते. खऱ्या साइटसाठी नाही. मारियाडीबीच्या रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मुख्य युजरला पासवर्डच नसतो, सगळं मुद्दाम उघडं ठेवलेलं असतं, घरात शिकायला ठीक, इंटरनेटवर नको, आणि बनवणारेही हेच सांगतात. एकाच वेळी पीएचपीच्या दोन वेगळ्या आवृत्त्या लागत असतील तरी हे सोयीचं नाही, माझ्याकडे ८.२.१२ आहे आणि जुन्या क्लायंटच्या कामासाठी मी डॉकर वापरते. इन्स्टॉल करताना सी ड्राइव्हच्या मुळाशी झॅम्प फोल्डरमध्येच टाका, प्रोग्राम फाइल्समध्ये टाकलं तर परवानग्यांची कटकट होते. आणि कुणाला नुसती पीएचपी तपासायची असेल, डेटाबेस नको, तर पीएचपीचा स्वतःचा छोटा सर्व्हर ५.४ पासून आतच येतो, पीएचपी लिहून डॅश मोठा एस आणि लोकलहोस्ट कोलन ८००० दिलं की चालू, त्याला झॅम्पपण नको आणि ८० पण नको.

पण नवीन शिकणाऱ्याला मी तिथून सुरुवात करायला सांगत नाही. कारण त्या पॅनेलवर सर्व्हर चालू झाला, बंद पडला, कुठल्या पोर्टवर, कुठल्या नंबराने, लॉग कुठे, हे सगळं एका खिडकीत डोळ्यांना दिसतं. सोमवारी एक्स्टर्नलनी भाचीला विचारलं की पत्त्यात ८०८० का आहे, नेहमी नुसतं लोकलहोस्ट असतं ना. तिने दुकानाच्या बिलिंगपासून लिसनच्या ओळीपर्यंत सगळं सांगितलं, आणि घरी येऊन मला फोन केला तेव्हा मार्कांपेक्षा त्याबद्दलच जास्त बोलत होती.

दादाच्या लॅपटॉपवर आता ८० वर मेडिकल आणि ८०८० वर झॅम्प, दोन्ही एकदम चालतात. वहिनीने विचारलं दुकान चालू असताना हिने अभ्यास केला तर बिल अडकेल का. नाही अडकणार, फक्त एंड टास्क करायचं नाही.